मज्जापेशीचा विसावा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की हा कामगार चळवळीतला माणूस. किमान वेतन, कंत्राटी पद्धत, फार तर मे दिनाचा इतिहास, असे काहीतरी सांगेल. मी म्हणालो, "मेंदूच्या पेशींना पोटॅशियमची दारे असतात, त्यांच्यावर बोलतो." क्षणभर कोणी काही बोलेना. मग त्यांच्यापैकी एकाने हळूच विचारले, "अण्णा, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे. आणि विषयही दिसतो तितका परका नाही. दहावीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही; जे काही कळले ते वाचनालयाच्या बाकावर आणि डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून विचारून कळले. चुकलो तर समोर डॉक्टर बसले आहेत, शास्त्राचे शिक्षक बसले आहेत, त्यांनी खुशाल कान धरावा. या विषयाकडे मला पुस्तकाने नेले नाही. एका विंचवाने नेले.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखाचे दिवस होते. एका बांधकामावर रात्रीच्या पाळीत जांभ्याचे चिरे हलवायचे काम चालले होते. उजेड म्हणाल तर ट्रॅक्टरच्या दिव्यांचा. हातमोजे नाहीत, विजेऱ्या नाहीत. एका तरुण गड्याने चिरा उचलला आणि ओरडून खाली टाकला. बोटाला लाल विंचू डसला होता. पहिली दहा मिनिटे तो हसतच होता. आमच्या कोकणात विंचू कोणाला चावत नाही? मग त्याला घाम सुटला. साधा घाम नव्हे, सदरा पिळून काढावा असा. उलट्या सुरू झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले. कोणीतरी म्हणाले, वाडीत विंचू उतरवणारा आहे. आणि इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे: मी त्याला अडवले नाही. विंचवाने माणूस मरत नाही अशी माझी पक्की समजूत होती. अर्धा तास मंत्र-अंगाऱ्यात गेला. गड्याला दम लागू लागला, खोकताना तोंडाला गुलाबी फेस आला, तेव्हा कुठे आम्ही त्याला टेंपोत घालून दवाखान्यात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी त्याला एक लहानशी गोळी दिली. दर तीन तासांनी पुन्हा तीच गोळी. पहाटेपर्यंत त्याच्या हातापायांना ऊब आली. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. डॉक्टर चहा घ्यायला बाहेर आले तेव्हा मी विचारले, "साहेब, विष एवढे करते तरी काय?" ते म्हणाले, "अहो, हे विष मज्जातंतूंना थांबू देत नाही. एकदा सुरू झाले की शेवटच होत नाही. तुम्ही संघटनेवाले आहात, तुम्हाला कळेल. पाळी संपल्याची शिट्टीच वाजत नाही म्हणा ना." त्यांनी ते सहज म्हटले असेल. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य आजतागायत रुतून बसले आहे.

आधी त्या गोळीची हकीकत सांगतो, कारण ती आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलेली आहे. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. त्या वेळी तो जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली आले. लाल विंचू डसलेली माणसे, विशेषतः लहान मुले, त्यांच्या समोर दगावत होती. पुस्तकांत या दंशाबद्दल फारसे काही लिहिलेले नव्हते. मग हा माणूस रुग्णाच्या खाटेपाशी रात्र-रात्र बसून घाम केव्हा आला, नाडी कशी चालली, रक्तदाब किती चढला, याची टिपणे काढू लागला. त्यांचे लेखन लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. पुढे १९८६ साली त्याच साप्ताहिकात त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी लिहिले की प्राझोसिन नावाची, रक्तदाबासाठी वापरली जाणारी साधी गोळी या दंशात जीव वाचवते. अशा गंभीर दंशात पूर्वी शंभरांतले तीस-चाळीस रुग्ण दगावत. ही गोळी वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण एकाच्या घरात आले. परळच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेत तयार होणारी विंचवाची प्रतिविष लसही आहे. ती गोळीच्या जोडीला दिली तर रोगी लवकर उठतो, हे बावस्करांनी महाडलाच ७० रुग्णांवर तपासून २०११ साली प्रसिद्ध केले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात बसून जगाला शिकवता येते, याचे मला ठाऊक असलेले हे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. इथून महामार्गाने निघालात तर दुपारच्या जेवणाला महाडात पोहोचाल.

पण ही गोळी विष उतरवीत नाही, हे ध्यानात घ्यावे. बेफाम झालेल्या मज्जातंतूंच्या आज्ञा रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचू न देणे, एवढेच तिचे काम. हृदयावरचा भार त्यामुळे हलका होतो आणि मधल्या काळात विषाचा जोर ओसरतो. मज्जातंतू बेफाम का झाले, हा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी आपल्याला पेशीच्या दाराशी जावे लागेल.

पोटॅशियम हा शब्द अवघड वाटत असेल तर चुलीतली राख डोळ्यांसमोर आणा. आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या भांडी घासली ती याच क्षाराच्या जोरावर. भांड्यात उकळून काढलेली राख म्हणून युरोपात तिला 'पॉट-ॲश' म्हणत, तीच पोटॅश. १८०७ साली हंफ्री डेव्ही यांनी विजेच्या प्रवाहाने तिच्यातून ही धातू वेगळी काढली. आंबा-बागायतदार तिला पालाश म्हणून ओळखतात आणि पोत्याने विकत आणतात. शहाळ्याच्या पाण्यात ती असते, केळ्यात असते, आणि आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आत ती ठासून भरलेली असते. मज्जापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण तीसपट पोटॅशियम असते. सोडियमचे, म्हणजे मिठाचे, नेमके उलट: बाहेर भरपूर, आत थोडे.

आता तुम्ही कोयनेच्या पाण्यावर वाढलेली माणसे. तुम्हाला हे समजावायला मला फार कष्ट पडू नयेत. वर सह्याद्रीच्या माथ्यावर शिवसागर तुंबला आहे, खाली पोफळीला आणि इथे अलोऱ्याला चक्रे आहेत. वीज कशातून निघते? उंचीच्या फरकातून, आणि योग्य वेळी उघडमीट करणाऱ्या झडपांतून. नुसता जलाशय असून भागत नाही. मज्जापेशीपाशी असेच तुंबलेले साठे आहेत, फक्त एकाऐवजी दोन: आत पोटॅशियमचा आणि बाहेर सोडियमचा. हे साठे भरून ठेवण्यासाठी पेशीच्या भिंतीत पंप बसवलेले असतात. ते सोडियमचे तीन कण बाहेर फेकतात आणि पोटॅशियमचे दोन आत ओढतात, अहोरात्र. मेंदूचे वजन शरीराच्या शंभरात दोन भाग, पण शरीराच्या खर्चातला पाचवा हिस्सा तो एकटा खातो, त्याचे एक मोठे कारण हे पंपिंग.

पेशीला संदेश पाठवायचा झाला की आधी सोडियमची दारे उघडतात. बाहेरचे सोडियम आत घुसते, विजेची पातळी झर्रकन वर चढते. हा झाला ठोका. पण वर चढलेली पातळी खाली कोण आणणार? तेव्हा पोटॅशियमची दारे उघडतात, आतले पोटॅशियम बाहेर धावते आणि पातळी पूर्ववत होते. हा सारा व्यवहार एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो. इंग्लंडात ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी माखुळासारख्या एका सागरी जीवाच्या जाड मज्जातंतूवर हे मोजले. आपल्याकडचे माखूळ कालवणात जाते, त्यांचे नोबेल पारितोषिकाला गेले. १९५२ साली त्यांनी सगळे गणित प्रसिद्ध केले, आणि त्यातली आकडेमोड हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर केलेली होती. १९६३ साली त्यांना पारितोषिक मिळाले.

आता एक बारकावा सांगतो, आणि माझ्या सगळ्या व्याख्यानाचा प्राण यातच आहे. सोडियमचे दार एकदा उघडले की लगेच आपले आपण आतून कडी लावून घेते. कडी लागली की कितीही ठोठावा, ते उघडत नाही. ती कडी निघायची तर विजेची पातळी पुन्हा पुरती खाली यावी लागते. आणि पातळी खाली आणणार कोण? पोटॅशियम. म्हणजे थांबवणारे दार नीट उघडले नाही, तर सुरू करणारे दार पुढच्या वेळी उघडणारच नाही! पेशी आधी भलत्या आवेशात धडधडेल आणि मग पातळी वरच अडकून मुकी होऊन बसेल. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाहेर अंगणात फेऱ्या मारल्या. तोवर माझी समजूत अशी, की पोटॅशियम म्हणजे ब्रेक. ब्रेक काढला की गाडी जास्त धावेल. प्रत्यक्षात या ब्रेकावाचून गाडीला दुसरा फेराच घेता येत नाही.

लाल विंचवाचे विष या दोन्ही ठिकाणी घाव घालते. त्यातले काही घटक सोडियमच्या दाराची ती कडी लागू देत नाहीत, आणि दुसरे काही पोटॅशियमच्या दारात बुचासारखे बसतात. आरंभ लांबतो आणि शेवट अडतो. म्हणून त्या गड्याच्या घामाच्या ग्रंथींना, हृदयाला, रक्तवाहिन्यांना जाणारे मज्जातंतू रात्रभर आज्ञा सोडीत राहिले. नाथांनी भारुडात विंचवाला काम-क्रोधाचे रूप दिले ते उगीच नाही. आवरता न येणे हेच तर त्याचे लक्षण.

शास्त्रज्ञ मात्र विचित्र लोक. ज्याने माणूस मरतो त्यातच ते हत्यार शोधतात. १९९० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आपल्या याच लाल विंचवाच्या विषातून ३७ दुव्यांची एक चिमुकली प्रथिनसाखळी वेगळी काढली, तिचे नाव इबेरिओटॉक्सिन. पोटॅशियमच्या दारांतले जे सर्वांत रुंद दार, तेवढेच नेमके ती बंद करते. २००२ साली त्याच विषातून ३१ दुव्यांची दुसरी साखळी निघाली, टॅमापिन. ती लहान दारांपैकी एका जातीला बुच मारते. माणसाच्या शरीरात पोटॅशियमच्या दारांची सुमारे ८० जनुके आहेत. एवढ्या जुडग्यातून एकच कुलूप निवडून लावणारी किल्ली मिळणे म्हणजे संशोधकाला घबाडच. आज जगातल्या मज्जाशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही नावे रोजच्या वापरातली आहेत. आपल्या चिऱ्याखालचा विंचू एवढ्या लांब जाऊन पोहोचला, हे चिरे उचलणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणून मी सांगतो.

त्या दाराची घडणही ऐकण्यासारखी आहे. पोटॅशियमचा कण सोडियमपेक्षा मोठा. तरी हे दार मोठ्याला सोडते आणि लहानाला अडवते! अशी गाळणी तुम्ही कुठल्या स्वयंपाकघरात पाहिली आहे काय? हे कोडे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली सोडवले. मातीतल्या एका सूक्ष्म जंतूचे पोटॅशियम-दार त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले. पाण्यात असताना प्रत्येक कणाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेढे असतात. अरुंद दारातून जायचे तर हा वेढा सोडावा लागतो. दाराच्या भिंतीला प्राणवायूचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत की वेढा सोडलेल्या पोटॅशियमला पाण्याऐवजी त्यांचा आधार बरोबर मिळतो. सोडियम बारीक, त्याचे हात चारी बाजूंच्या भिंतींना पोहोचत नाहीत, म्हणून तो आपला पाण्याचा वेढा सोडायला तयार होत नाही आणि बाहेरच राहतो. सेकंदाला कोट्यवधी कण जातात तरी गाळणी चुकत नाही. हे दार चार तुकडे जोडून झालेले असते, हे मॅकिनन यांनी चित्र मिळण्याच्या कितीतरी आधीच ओळखले होते, आणि तेही कशाने, तर विंचवाच्याच विषाने. तो विंचू मात्र वाळवंटातला होता, आपला नव्हे. २००३ साली त्यांना नोबेल मिळाले.

आता मेंदूकडे येतो. दंश झालेल्या माणसाच्या मेंदूत हे विष सहसा शिरत नाही. मेंदूभोवती रक्तातले भलतेसलते आत न येऊ देणारा पहारा आहे. म्हणून संशोधकांनी उंदरांच्या मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवून त्यांवर विषाचे हे वेगळे काढलेले अंश टाकले आणि एकेका पेशीचे ठोके ऐकले. मेंदूवर जी सुरकुतलेली साल असते तिला बाह्यक म्हणतात. माणसाच्या बाह्यकात सुमारे १६०० कोटी मज्जापेशी आहेत. आपण ऐकतो, आठवतो, बेत करतो ते त्यांच्या ठोक्यांवर.

बाह्यकातल्या शंकूच्या आकाराच्या पेशीला एकसारखी चेतना दिली तर ती एकसारखे ठोके देत नाही. प्रथम भराभर देते, मग दोन ठोक्यांमधले अंतर वाढत जाते. कारण असे: प्रत्येक ठोक्याबरोबर थोडे कॅल्शियम आत येते. ते जणू मुकादमाच्या वहीतली खूण. खुणा साचल्या की पोटॅशियमची ती लहान दारे उघडतात आणि पुढच्या ठोक्याआधी पेशीला घडीभर विसावा घ्यायला लावतात. मेंदूच्या सालीच्या एका आतल्या घडीत, जिथे आठवणी घडतात त्या भागात, टॅमापिन टाकून पाहिले तेव्हा ठोक्यानंतरचा हा विसाव्याचा प्रवाह आटला. हे अपेक्षेप्रमाणेच झाले म्हणायचे. पण त्याच भागातल्या पेशींत रुंद दारे बंद केली तेव्हा गंमत झाली. प्रत्येक ठोका रुंदावला, सुस्तावला, आणि पेशीची सुरुवातीची वेगाची धाव वाढायच्या ऐवजी मंदावली! कारण तेच, सोडियमची कडी. ठोका वेळेवर आवरला नाही की पुढच्याची तयारी अपुरी राहते.

याहून स्पष्ट दाखला बाह्यकातल्या दुसऱ्या एका जातीच्या पेशींचा. या लहान पेशी इतरांना आवर घालण्याचे काम करतात आणि सेकंदाला शेकडो ठोके न थकता देऊ शकतात. तुमच्या घरातली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. या तिच्या कितीतरी पुढे. त्यांच्यात काय खास असते? पोटॅशियमचीच एक चपळ जात, जी ठोका शिगेला पोहोचला की उघडते आणि काम होताच पटकन मिटते. ही दारे औषधाने अडवली की तीच पेशी तो वेग टिकवू शकत नाही. सर्वांत जास्त राबणाऱ्या पेशीला थांबण्याची सोय सर्वांत चांगली लागते, असे निसर्गाने ठरवलेले दिसते.

इथे माझ्यातला संघटनेचा माणूस उठून बसतो, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली, तेव्हा मालकांचे म्हणणे काय होते? एक दिवस यंत्र थांबले तर माल कमी निघेल. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली, तेव्हाही कुरकुर तीच होती. विसावा म्हणजे कामातून वजा केलेला वेळ, हा तो हिशेब. पेशीचा हिशेब निराळा आहे. पण मी उपमा फार ताणत नाही. पेशीचा विसावा सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचा, आणि तो मिळवायला तिला मोर्चा काढावा लागत नाही. पेशीचा दाखला देऊन पगारी रजा मागायला गेलो तर समोरचा हसेल, आणि त्याचे हसणे रास्त ठरेल.

ठोके चालू ठेवण्याची आणखी एक तऱ्हा आहे. कोणी तुम्हाला दूरध्वनीचा आकडा सांगितला आणि कागद सापडेपर्यंत तुम्ही तो मनात धरून ठेवलात. त्या वेळी डोक्यात काय चालते? १९७१ साली होआकिन फुस्टर यांनी माकडांच्या कपाळामागच्या बाह्यकात पाहिले की खाऊ कुठे लपवला हे माकडाला काही सेकंद लक्षात ठेवायचे असते, तेव्हा तिथल्या काही पेशी त्या साऱ्या वेळात ठोके देत राहतात. खूण डोळ्यांसमोरून गेलेली असते, ठोके मात्र टिकून असतात. आता या पेशींत पोटॅशियमची दारे भलत्या वेळी उघडली तर? ठोके विझतात, आठवण निसटते. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की भय आणि ताण यांच्या वेळी मेंदूत जी द्रव्ये पाझरतात ती याच भागातली पोटॅशियमची दारे उघडतात. साहेबाने चारचौघांत खडसावले की साधी बेरीज चुकते, भाषणाला उभे राहिले की पाठ केलेले विसरते, याचा हा एक धागा. चौकशीच्या वेळी गांगरलेल्या कामगाराला मी पूर्वी म्हणत असे, "अरे, काल सगळे नीट सांगत होतास, आज तोंड का शिवले?" आता म्हणत नाही. पाणी देतो, बाहेर नेऊन बसवतो.

तेव्हा दारे उघडी असावीत की बंद, याला एकच उत्तर नाही. वेळेवर उघडावीत, वेळेवर मिटावीत. मेंदूला तारतम्य राखायची आणखी एक सोय आहे. पोटॅशियमच्या दारांची एक सावकाश चालणारी जात असते. १९८० साली ब्राउन आणि ॲडम्स यांनी बेडकाच्या पेशींत ती ओळखली. लक्ष देऊन ऐकताना बाह्यकात ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य पाझरते, ते या दारांना मिटवते आणि पेशी अधिक तत्पर होतात. तुमच्यापैकी जे अजून जागे आहेत त्यांच्या डोक्यात हे या क्षणी चालू असावे.

हीच सावकाश जात जन्मतः दुबळी असली तर काय होते, हे १९९८ साली कळले. काही घराण्यांत नवजात बाळांना साधारण तिसऱ्या दिवसापासून झटके येतात आणि बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप थांबतात. त्यांच्या मुळाशी या दारांच्या दोन जनुकांतला दोष निघाला. दारे पुरती बंद असावी लागत नाहीत. त्यांची क्षमता सुमारे चौथ्या हिश्शाने घटली तरी पुरते. हीच दारे उघडणारे रेटिगाबिन नावाचे औषध अपस्मारासाठी २०११ साली बाजारात आले. पण त्याने त्वचा आणि डोळ्यांचा आतला पडदा निळसर होऊ लागला, आणि २०१७ साली ते मागे घेतले गेले. शास्त्राची वाट अशी खाचखळग्यांची आहे.

फेफऱ्याची सगळीच कारणे पोटॅशियमची नसतात. पण बाह्यकातल्या असंख्य पेशी एकदम, न थांबता, एका तालात ठोके देऊ लागणे, हे त्यांतले समान रूप. आमच्या संघटनेतल्या एका चांगल्या फिटरला कामावर झटका आला. भोवतालच्यांनी नाकाला चप्पल लावली, कांदा फोडला, दातांत चमचा घातला. त्याचा दात पडला. पुढच्या महिन्यात त्याला कामावरून कमी केले. कुठे, ते इथे सांगायचे कारण नाही. कागदावर कारण वेगळे होते. त्याच्या आईला शेजारणी सांगत होत्या की बाहेरचे काहीतरी लागले आहे. मी तिला एवढेच समजावू शकलो की, माउली, याच्या डोक्यातली काही दारे वेळेवर उघडत-मिटत नाहीत, आणि त्यावर गोळ्या आहेत. तिने विचारले, "मग देवाचं काही नाही ना यात?" मी म्हणालो, नाही. ती रडू लागली, आणि मला वाटते ते सुटकेचे रडणे होते. गोळ्या नेमाने घेऊन तो माणूस आज स्वतःचे दुकान चालवतो. असा झटका कोणाला आला तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काहीही घालू नका. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर वाहन बोलवा.

आणि विंचू चावला तर, दंशाच्या जागी नुसती कळ असेल तर घाबरू नका. पण घाम, उलटी, गार हातपाय यांतले काहीही दिसले की अर्धा तासही मंत्रात घालवू नका. तो अर्धा तास माझ्या खात्यावर मांडलेला आहे.

तो चिरे उचलणारा गडी वाचला. महिन्याभराने परत कामावर आला. आम्ही मागणीपत्रात हातमोजे, गमबूट आणि विजेऱ्या पहिल्या क्रमांकावर घातल्या; मिळाल्या, पण पावसाळा उलटून गेल्यावर. आता तो स्वतः गवंडी आहे, हाताखाली चार माणसे आहेत. पहारीने उलथून पाहिल्याशिवाय तो कोणाला चिऱ्याला हात लावू देत नाही. दवाखान्यातल्या त्या पहाटे डॉक्टरांनी मला सांगितलेले मी त्याला माझ्या भाषेत सांगितले होते. अजून कधी बाजारात भेटला की विचारतो, "दादा, ती बुचं निघाली असतील ना आता सगळी?" मी म्हणतो, "केव्हाच निघाली रे." तरी जाताना तो एकदा आपल्या बोटाकडे बघून घेतो.